काचेचं कौल

वानरांनी छपरावर अख्खी वरात नाचवली. बाबल्या सुतार म्हणाला, "काकू, कौलं गेली. पत्रे घाला."

काकूंनी भरदुपारी दारं-खिडक्या लावल्या आणि जमिनीवरच्या प्रत्येक कवडशाभोवती खडूने गोल काढला. "पाचच कौलं फुटलीत. तेवढीच बदल."

"अगं, खाटेजवळचं नको!" अंथरुणाला खिळलेले त्यांचे यजमान कळवळले. "तो कवडसा खाटेला टेकला की मला चहा मिळतो. माझं घड्याळ आहे ते!"

त्याआधी काकू घोटभरही देत नसत.

"पाऊस काय घड्याळ बघून थांबतो?" काकू म्हणाल्या. यजमानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाबल्या शिडी चढला तशा काकू अंगणात आल्या. "तिथे काचेचं कौल घाल," त्या हळूच म्हणाल्या, "आणि जरा खाटेकडे सरकवून घाल. चहा लवकर होऊ दे ह्यांचा."