करीले भेटू

“करीच्या दिवशी मास्तरले घरात कोंडून ठेव बाई,” शेजारच्या अंबाबाईने श्रावणातच बजावलं होतं. रजनी हसली होती. “धमकी वेगळी, हल्ला वेगळा, आजी. मारायचं असतं तर आधी सांगून कशाले गेला असता तो?”

‘तो’ म्हणजे सावरगावचा गुलाब. परीक्षेत वसंत मास्तरांनी त्याच्या भावाला कॉपी करताना पकडलं, तेव्हा फाटकाशी येऊन तो एवढंच म्हणाला होता, “करीले भेटू, मास्तर.”

आज कर. पोळ्याचा दुसरा दिवस. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मध्ये दगडगोट्यांचा मारा, दरसालची गोटमार. वसंत कधी खेळला नव्हता. पण सकाळी पानठेल्यावरून श्रीधर ओरडला, “काय मास्तर, बाईसाहेबानं सुट्टी नाही देली का?” सगळे हसले. वसंतने कोनाड्यातला नारळ उचलला. “नदीकाठच्या चंडीमातेला वाहून येतो,” म्हणाला आणि चपला घातल्या.

त्याला तीन तास झाले होते.

लेकराला कडेवर घेऊन रजनी पोलीस ठाण्यात उभी होती. “रपट लिहा. आमच्या मास्तरांवर हल्ला होणार आहे.”

रपट लिहिणाऱ्या मुन्शीने ट्रान्झिस्टर बारीक केला. “होणार आहे, म्हणजे झाला नाही. धमकीची दरखास्त तर तुम्ही उन्हाळ्यातच देली.”

“तेव्हा तुम्हीच म्हणाले, हल्ला झाला की या.”

“म्हटलं होतं.” नदीकडून ढोलांचा आवाज येत होता. मुन्शीने मान खाली घातली. “पण आज हजार हात गोटे फेकून राहिले, बाई. कोणाचा कोणाले लागला, कोण सांगणार? आज हल्ला होत नाही. आज गोटमार होते.”

बाहेर नदीकडून चौघं एका जखमीची खाट घेऊन धावत आले. रजनी पुढे झाली, चादर बाजूला केली. दुसराच कोणी होता. तिच्या तोंडून “बरं झालं” निघालं, आणि खाटेमागून येणारी बाई थबकून तिच्याकडे बघत राहिली.

मग रजनी नदीच्या वाटेवर, वळणाशी उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत राहिली.

“भाऊ, नदीवर जाऊन राहिले का? आमचे मास्तर जरा पाहाल? उंच आहेत, चष्मा आहे. सगळ्यांच्या हातात गोटा असेल. त्यांच्या हातात नारळ असेल.”