फाटकापाशी उभा माणूस

पडद्यावर तो दिसताच सासूबाईंनी शेजारणीला कोपर मारलं. "आमचे जावई," त्या हळूच म्हणाल्या. हळूच म्हणजे चार रांगांना ऐकू जाईल इतपत.

लष्करी वसाहतीचं सभागृह खच्चून भरलं होतं. चित्रपट सैनिकांच्या घरच्यांवरचा, तेव्हा पहिला खेळ त्यांनाच दाखवायचा, असा दिग्दर्शिकेचा हट्ट. या वसाहतीत फौजेत असलेली बाई एकच, आणि हा तिचा नवरा. ती सीमेवर, तो घरी. कामाला जाणाऱ्या शेजारणी दुपारी आपली पोरं त्याच्याकडे सोडून जात, आणि त्यांचे नवरे त्याला तोंडावर 'वहिनी' म्हणत. तो हसून सोडून देई. पण दिग्दर्शिकेने त्याला गाठून म्हटलं होतं, "सगळ्या तऱ्हेची घरं दिसली पाहिजेत आमच्या चित्रपटात. तुमचं तर हवंच." तेव्हापासून तो जरा ताठ चालायला लागला होता. वाट बघणारा नवराही असतो, हे आता लोकांच्या डोक्यात शिरेल असं त्याला वाटत होतं.

शूटिंगला त्याला फाटकापाशी उभं केलं होतं. अभिनय करू नका, बायकोची गाडी यायची आहे, नुसते बघत राहा. बायको त्या दिवशी खरंच रजेवर येणार होती, त्यामुळे अभिनयाचा प्रश्नच नव्हता. ती गाडीतून उतरली, तेही कॅमेऱ्याने टिपलं होतं.

पडद्यावर तो तसाच बघत होता. गाडी मात्र आली नाही. त्याऐवजी नायिका दिसली, मागच्या अंगणात एकटी, दोरीवर कपडे वाळत घालताना. मग पुन्हा तो, टक लावून. नायिकेने मान वळवली, घाईघाईने बादली उचलली आणि आत जाऊन दाराला कडी घातली. मागे अंगावर काटा येईल असं संगीत.

कुणीतरी शिट्टी मारली. "वहिनी, कुठे बघताय?" हशा पिकला. पुढच्या प्रसंगात नायिका लेकराला पोटाशी धरून रात्रभर जागी बसली, तेव्हा हशा थांबला. त्याला तो हशा परवडला असता. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी मागे वळून त्याच्याकडे बघून घेतलं. सासूबाईंनी कोपर कधीच आवरून घेतलं होतं.

दिवे लागल्यावर तो तडक दिग्दर्शिकेपाशी गेला. तिच्याभोवती कौतुक करणाऱ्यांचा गराडा होता.

"माझी बायको कुठे गेली यातून?"

"ते एडिटिंगमध्ये बदललं," ती म्हणाली. "नवरा वाट बघतोय हे लोकांना पटेचना हो. कच्चा चित्रपट आमच्यातल्या ज्यांना ज्यांना दाखवला ते विचारायचे, हा कोणाच्या बायकोकडे बघतोय?"

"स्वतःच्या."

"हो, पण ते पडद्यावर कळत नाही ना. मनाला लावून घेऊ नका. तुमचा चेहरा इतका बोलका आहे, काढून टाकवेना. आणि शेवटी आभारात नाव दिलंय तुमचं."

"माझ्या लेकीला कापलंत आणि यांना चोर केलंत," मागून सासूबाई म्हणाल्या. "वर आभार कसले मानता?"

दिग्दर्शिका हसली आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळली. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ओरडायची सोय नव्हती. आज त्याने आवाज चढवला असता, तर पडद्यावरचा माणूस खराच ठरला असता.

बाहेर शेजारीण उभी होती. तिची धाकटी नेहमीसारखी धावत येऊन त्याच्या बोटाला लटकली. शेजारणीने पुढे होऊन ते बोट सोडवलं आणि पोरीला कडेवर घेतलं.

"उद्यापासून हिला मी कामावर घेऊन जाईन," ती म्हणाली.

"मी कसा आहे, तुम्हाला तरी माहीत आहे ना?"

"माहीत आहे, दादा. म्हणून तर सांगतेय. बाकीच्या सांगणारही नाहीत."