तक्रार नोंदवली आहे

रानाला लागून पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या आमच्या मातीच्या चार खोल्या आहेत. ऑनलाइन बुकिंगवाल्या मोठ्या कंपनीनं त्या आपल्या यादीत पार तळाला टाकल्या होत्या. का, तर पोहायचा तलाव नाही. अहो, मागे अख्खी नदी वाहतेय! पण त्यांच्या फॉर्ममध्ये नदीसाठी चौकोनच नाही.

दर सोमवारी मी फोन लावून भांडायचो. रेंज फक्त मागच्या पायरीवर, झाडाखाली. आमच्या भागातल्या तक्रारी त्यांच्या ऑफिसातल्या एकाच मुलीकडे होत्या. मी पंधरा-पंधरा मिनिटं तोंड सोडायचो, ती एकदाही मधे बोलायची नाही. शेवटी फक्त, "तक्रार नोंदवली आहे, काका." व्हायचं काहीच नाही. तरी बायकोला म्हणायचो, "पोरगी गुणाची आहे. ऐकून तरी घेते."

काल दुपारी एक मुलगी पाठीला सॅक लावून दारात उभी राहिली.

"बुकिंग केलंय का?" मी विचारलं.

"नाही. पण तुमची तक्रार नोंदवली आहे, काका."

आवाज ओळखला आणि मी हातातली बादली खालीच ठेवली. "पोरी, तुझे फार उपकार. माझी एवढी कटकट घरातसुद्धा कुणी ऐकत नाही."

ती ओशाळली. "खरं सांगू? तुम्ही काय बोलायचात, ते निम्मंही आठवत नाही. तुमच्या मागे एक पक्षी शीळ घालायचा. आमच्या ऑफिसला खिडकी नाही. तो थांबेपर्यंत मी तुम्हाला बोलू द्यायचे."

मी तिला मागच्या पायरीवर नेऊन बसवलं, आणि त्या जागी पहिल्यांदाच गप्प बसलो.