तासाभराचं काम

काम अगदी सोपं होतं. अनुभव नको, शिक्षण नको. अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या बाईला तासभर आपलं शरीर वापरायला द्यायचं. तिचं मन आपल्या अंगात शिरणार, बागेत चार पावलं चालणार आणि परत जाणार. तोवर आपलं मन केंद्रातल्या यंत्रात निजलेलं. पैसे लगेच हातात.

शनिवारी मृदुला ते काम करून आली आणि तेव्हापासून अच्युतच्या मनात पाल चुकचुकत होती. चहाची चव तीच, हसणंही तेच. पण जिन्याच्या नावाने कायम खडे फोडणारी त्याची बायको आता दूध, पाव, कोथिंबीर असं एकेक आणायला तीन मजले चढउतार करत होती, तेही गुणगुणत.

आजही ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली.

"चला, जाते मी."

अच्युतने पेपर खाली ठेवला. बावीस वर्षांत घरातून निघताना मृदुला कधी असं म्हणाली नव्हती.

"अगं, जाते काय? येते म्हणावं," तो चाचरत म्हणाला.

ती उंबऱ्यावर थबकली.

"हो का?" तिने कुतूहलाने विचारलं. "ती तसं म्हणायची?"