वरणातला भोवरा

"आबासले काय समजस? आठे काय नि तठे काय, त्यासले सारखंच शे," असं म्हणत प्रेमराजनं बापाचे दोन सदरे पिशवीत घातले. चार वाजता गाडी येणार होती. धुळ्याच्या एका संस्थेत अशा माणसांची सोय होते, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

अशी माणसं म्हणजे उखर्डूआबा. खाटेवर पडल्या पडल्या ते सगळं ऐकत होते. शब्द न् शब्द.

तीस वर्षं या माणसानं पाचोऱ्याच्या बाजारात कापसाचा लिलाव पुकारला. आवाज असा, की फाटकाबाहेरचे बैल कान टवकारायचे. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि आवाज गेला तो गेलाच. मान वळेना, उजवं अंग उठेना. डाव्या हाताचा पंजा तेवढा उरला. डोकं मात्र जागच्या जागी शाबूत होतं, आणि खरी शिक्षा तीच होती. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना फारसं कळत नसेल." घरानं त्यातलं 'फारसं' सोडून दिलं.

आबांनी धडपड काय कमी केली? जेवताना ते डावं बोट वरणात बुडवायचे आणि ताटात अक्षरं काढायचे. त्या हातानं जन्मात कधी पेन्सिल धरली नव्हती. अक्षर कसलं, नुसती गिचमिड. सून ज्योती "सांडवलं बघा" म्हणत त्यांचं बोट पुसायची. मग ताटही पुसायची.

वाईट नव्हती ती. भडगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी येऊन सासऱ्याचं सगळं करायची, अंथरुणातलंसुद्धा. पार पिचून गेली होती. रोज दिवेलागणीला आबांच्याच खोलीतल्या देव्हाऱ्यात दिवा लावायची आणि हलकेच म्हणायची, "देवा, यांना सोडव. मलाही सोडव." आबांना तिचा राग यायचा नाही. खरंच मागत होती ती. फक्त त्यांचे डोळे भरून यायचे, आणि घरात म्हणायचे, आबांच्या डोळ्यांना पाणी सुटतंय, थेंब टाकायला हवेत.

आज रविवार. ज्योती खाटेवर बसून एका हातानं भरवत होती, दुसऱ्या हातानं शाळेतल्या पोरांनी काढलेली भोवऱ्याची चित्रं तपासत होती. परवा तिन्हीसांजेला आभाळात प्रकाशाचा मोठा भोवरा उमटला होता. पांढरा, गरगरत पसरत जाणारा. आख्खं गाव घरांच्या धाब्यांवर चढलं. कुणी म्हणालं प्रलय, कुणी म्हणालं शत्रूचं काहीतरी. आबांना कोण वर नेणार? ते एकटेच खाली राहिले. खिडकी त्यांच्या डोक्यामागे, मान तर वळत नाही. तरीही आबांनी तो पाहिला होता, पार विरेपर्यंत. तेव्हापासून तो काय होता या विचारानं त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"ते व्हतं काय पण?" प्रेमराजनं विचारलं.

ज्योतीला शिकवायचा आवाज लागला. "रॉकेट उपग्रहाला वर सोडतं. मग त्याचा रिकामा तुकडा गोल गोल फिरत राहतो आणि उरलंसुरलं इंधन बाहेर फेकतो. पाण्याची नळी गरगरा फिरवली की धार कशी वळत जाते, तसं. ते तिथं गोठतं. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण तेवढ्या उंचीवर ऊन असतं. म्हणून चमकतं. बस्स."

आबांना इतका आनंद झाला की छातीत धडधडलं. कोडं सुटलं होतं. आणि हे सांगायला अक्षर लागत नव्हतं! त्यांनी बोट वरणात बुडवलं आणि ताटात मधोमध टेकवलं. मग हळूहळू फिरवत बाहेर नेलं. एक वेढा, दुसरा, तिसरा.

प्रेमराज वाकून पाहू लागला. "दख, पोरेसना चित्रं दखीसन नक्कल करी ऱ्हायनात. तीबी उलटी!" तो हसला. "पुस ते. गाडी येई आते."

ज्योतीनं सवयीनं फडकं उचललं. आणि थांबली.

अडतीस चित्रांतला भोवरा उजवीकडे वळत होता, घड्याळाच्या काट्यांसारखा. आबांचा डावीकडे. पंधरा वर्षं तिनं नक्कल करणारी पोरं पकडली होती. नक्कल करणारा चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवतो. उलटं कुणी काढत नाही.

तिनं आपलं डोकं आबांच्या उशीला टेकवलं आणि ते पाहत होते तिकडे पाहिलं. समोर लोखंडी कपाट. कपाटाच्या आरशात डोक्यामागची खिडकी, खिडकीत आभाळाचा तुकडा, आणि खाली समोरच्या तोतारामच्या दुकानाची पाटी, उलट्या अक्षरांची.

"आबासनी नक्कल नही करी," ती म्हणाली. "आबासनी दखेल शे. त्यासले समजस."

प्रेमराजनं सदऱ्यांची पिशवी बाजूला सारली. "म्हणजे दोन वरीस..." या खोलीत तो काय काय बोलला होता, ते एकेक करून त्याला आठवू लागलं. त्यानं फोन काढला आणि गाडी नको म्हणून सांगितलं. दोनदा सांगितलं.

ज्योतीला मात्र दिवेलागण आठवत होती. रोजची. तिनं देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"आबा, मी दिवा लावताना देवाला जे मागायचे... ते तुम्ही..."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग डावा तळवा ताटात ठेवला आणि भोवरा हळूच पुसून टाकला, झालं गेलं पुसावं तसा. दोन वर्षं घर त्यांचं लिहिलेलं पुसत आलं होतं. आज पहिल्यांदा त्यांनी आपल्या हातानं पुसलं.