निळ्या झाकणाचा डबा

"उंदीरनी थुकी लाईसन पाय बरा व्हस का रे भाऊ?" झुंबरबाईंनी डबा उघडून हुंगला आणि नाक मुरडलं.

"थुंकी नाही गं आई. उंदराच्या लाळग्रंथीतून काढलेला घटक आहे. त्यानं नवी कातडी धरते," पितांबर म्हणाला.

धुळ्याच्या प्रयोगशाळेत त्यानं ऐन उमेदीची वर्षं या एका घटकापायी घातली होती. उंदरांच्या जखमा झकास भरत होत्या, पण उंदरांचं कौतुक कोण करणार! माणसाचं अंग ही परकी वस्तू सोसतं की तिच्यावर उलटतं, ते पाहायचं राहिलं होतं. परवानगी मुंबईत अडकली होती आणि इकडे पिंप्राळ्यात साखरेच्या आजारानं आईच्या पायाचा अंगठा काळवंडला होता. डॉक्टर पाय कापायची भाषा बोलू लागले होते. पितांबरला रात्र रात्र झोप येत नव्हती.

त्यात आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तानुआत्या चोपड्याहून माहेरी आली. पितांबरच्या वडलांची थोरली बहीण. तिलाही साखर, तिच्याही टाचेला तसाच खड्डा.

त्यानं परवानगीची वाट पाहिली नाही. दोन सारखे डबे आणले. निळ्या झाकणाखाली औषध, पांढऱ्या झाकणाखाली नुसतं मलम. एकीला औषध आणि एकीला नुसतं मलम लावलं, तरच गुण कशाचा ते कळणार होतं. निळा डबा त्यानं आईच्या हातात दिला, पांढरा आत्याच्या. आत्याच्या बाबतीत मनाला टोचलं, पण शेवटी आई ती आई.

"दोन्ही सारखेच आहेत," तो खोटं बोलला. "फक्त अदलाबदल करू नका."

"सारखाच शेतस तं मंग आदलाबदलनी भीती कसाले?" झुंबरबाई हसल्या.

त्याला धुळ्याची एसटी गाठायची होती. तो पिशवी उचलून निघाला.

दोन दिवसांनी आत्याही निघाली. झुंबरबाईंनी तिची ओटी भरली. खण, नारळ, गहू आणि वर पांढऱ्या झाकणाचा डबा.

पितांबर दर रविवारी यायचा. निळ्या झाकणाच्या डब्यातलं मलम हळूहळू संपत होतं आणि जखम वर सरकत होती. जेठ महिन्यात काळेपणा घोट्यापर्यंत आला. औषध अंगावर उलटलं असणार, असं धरून त्यानं आईचं रक्त धुळ्याला नेलं. अंग एखाद्या परक्या वस्तूशी झगडलं, की रक्तात त्याच्या खुणा राहतात. आईच्या रक्तात एकही खूण नव्हती. चाचणीसुद्धा आपल्याला धड जमत नाही, म्हणून त्यानं कपाळाला हात लावला.

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडे चोपड्याच्या एसटीडीवरून फोन आला. आत्याची टाच भरली होती. ती शेतापर्यंत चालून आली होती.

नुसत्या मलमानं!

"तुनं औषध चांगलं शे रे," झुंबरबाई खाटेवरून म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. "अक्काना पाय बरा झाया ना!"

आई आपली समजूत काढतेय, असं त्याला वाटलं. त्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

पाय गुडघ्यावरून कापला. दुसऱ्या दिवशी त्यानं धुळ्याला जाऊन सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. इतक्या वर्षांत निवडून निवडून वाढवलेले उंदीर मारून टाकले. काम फसलं, असं वरिष्ठांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तसे उंदीर पुन्हा मिळायचे नव्हते, आणि त्याला ते नकोच होते.

विष अंगात भिनलेलंच होतं. श्रावण लागला आणि झुंबरबाई गेल्या.

दहाव्याला नदीवरून माणसं परतली. तानुआत्या अंगण ओलांडून, कुणाचा हात न धरता, पितांबरजवळ येऊन बसली. तिनं टाच वळवून दाखवली. कातडी गुलाबी आणि कोवळी होती.

"भाऊ, आते लपाडीसन काय करू?" ती म्हणाली. "आखाजीले वहिनीनं सोताना डबा मन्हा ओटीम्हान घाला. झाकन तेवढं मन्हं लाई दिधं, तुले समजाले नको म्हनीसन. म्हने, मन्हा पोऱ्यानं माले चांगलं तेच दिधं व्हई, माहेरवाशीनले कमी कसं देवानं?"