रंगूनचं लाकूड

ब्रह्मदेशातून भारतीयांना हाकललं, तेव्हा येसूबाईचा भाऊ आठ वर्षांच्या लेकीला, मीमीला घेऊन कळंबला परतला. त्याची बर्मी बायको तिकडेच राहिली. मीमीला मराठी येत नव्हतं. ती दिवसभर मुकाट बसे. एका सकाळी तिच्या आंघोळीचं पाणी तापवताना येसूबाईनं कोपऱ्यातला लाकडाचा तुकडा चुलीत सारला. मीमी किंचाळत धावली. "लाकूडच हाय ना गं त्ये?" येसूबाई गांगरली. "हिच्या आईनं दिलंय," भाऊ म्हणाला. "रोज सकाळी उगाळून हिच्या गालांना लावायची." येसूबाईनं जळतं लाकूड हातानंच ओढलं, पाण्यात विझवलं आणि सहाणेवर उगाळलं. लेप काळा उतरला. ती कचरली. "काळं हाय गं, पोरी." मीमीनं तिचं बोट धरून गालावर टेकवलं. लेप लागेपर्यंत तिनं डोळे घट्ट मिटून ठेवले. उघडले तेव्हा समोर आत्या दिसली, आणि रंगून सुटल्यापासून मीमी पहिल्यांदाच रडली.